जिन्यावरची उंच बाई

१

रिकाम्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन खडखडला आणि दुपारची शांतता मोडली.

भिंगरी नुकती कुठे झोपली होती. तिला दुपारी झोपवायचं म्हणजे फिरता पंखा हाताने थांबवायचा. म्हणून तर घरात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. फोनचा आवाज मी आठवणीने बंद केला होता आणि मग तो पत्र्याच्या डब्यावर ठेवला होता. हे शहाणपण माझंच. भिंगरीने कूस बदलली, उशीचा कोपरा मुठीत धरला आणि परत झोपली. मी फोन घेऊन बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे गेले.

ताईंचा फोन होता. ताई म्हणजे सरांची मुलगी. त्या इमारतींचे नकाशे काढतात, आणि सरांच्या फोटोंचं उद्याचं प्रदर्शन त्यांनीच मांडलेलं.

"मोठा प्रिंट आलाय," त्या म्हणाल्या. "तू आत्ताच्या आत्ता ये."

"चांगला आलाय ना?"

"जिन्यावर बाई उभी आहे."

मला वाटलं, प्रदर्शनाच्या हॉलच्या जिन्यावर कुणीतरी ताटकळत उभं आहे. "मग त्यांना आत बसायला सांगा ना," मी म्हणाले.

"फोटोत गं! फोटोतल्या जिन्यावर!"

कपड्यांच्या मागे मी तशीच उभी राहिले. एक ओला मोजा खांद्यावर गळत होता, तेही उशिरा कळलं.

सरांनी आयुष्यभर इमारतींचे फोटो काढले. लग्नांचे नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत. जिने, कमानी, लांबच लांब व्हरांडे. आणि सरांच्या फोटोत माणूस नसतो. दगड असतो, ऊन असतं, सावली असते. माणूस नसतो. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला फोटो म्हणजे 'रिकामा जिना': जुन्या वाचनालयाचा दगडी जिना, मध्यावर एक रुंद टप्पा, टप्प्याच्या वर गोल खिडकी आणि खिडकीतून पायऱ्या उतरत आलेलं ऊन. वाचनालय केव्हाच पाडलं. आता तिथे गाड्या लावतात. तो जिना उरलाय तो फक्त सरांच्या फोटोत.

आणि त्या फोटोत बाई? आत भिंगरी पुटपुटली. शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी पायात चपला सरकवल्या.

२

हॉलमध्ये प्रिंट भिंतीला टेकवून ठेवला होता. माझ्यापेक्षा उंच. दारातूनच ती दिसली.

टप्प्यावर उभी होती. पाठ आपल्याकडे, एक हात दगडी कठड्यावर, तोंड वरच्या पायऱ्यांकडे. कुणी हाक मारली तर वळेल अशी.

"बघितलंस?" ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "आता सांग. तू केलंस?"

"मी?"

"बाबांच्या फोटोंच्या डिस्का तुझ्याकडे. सफाईचं काम तुझं. एका मांडीवर लॅपटॉप आणि दुसऱ्या मांडीवर पोरगी घेऊन बसतेस. चुकून कुठलं तरी बटण..."

"चुकून बाई येत नाही, ताई. चुकून बाई जाते."

त्यांना हसू आलं असतं, एरवी. लग्नाआधी मी सरांच्या हाताखाली शिकले. आता त्यांचे जुने फोटो घरी बसून साफ करते: आभाळातल्या तारा काढायच्या, भिंतीवरचे ओरखडे भरायचे, कललेल्या रेषा उभ्या करायच्या. भिंगरीच्या झोपेच्या तुकड्यांत जेवढं होईल तेवढं. पण दिवसभरात मी पूर्वीची मी असते ती तेवढाच वेळ.

"सरांना सांगितलंत?"

"वेड लागलंय का मला?" ताईंचा आवाज खाली आला. "बाबांना आता उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं. उद्या ते या भिंतीसमोर बसणार. लोक येऊन विचारणार, सर, ही कोण? मग?"

मी जवळ गेले. "कुणी चिकटवलेली नसेल तर? खरंच तिथे उभी असेल तर? काकू असतील."

काकू म्हणजे ताईंची आई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

"आई?" ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "आई कशी होती विसरलीस? बुटकी, गोलमटोल. बाबा तिला लोकरीचा गुंडा म्हणायचे. आणि ही बघ. काठी! मान बघ केवढी. ही माझी आई?"

खरंच होतं ते. बाई उंच होती, शेलाटी. काकूंसारखी कुठूनच नव्हती.

"हा फोटो काढला त्या वर्षी मी होस्टेलवर होते," ताई म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "सुट्टीला घरी आले की बाबा घरात नसायचे. आई म्हणायची, गेलेत वाचनालयात. पुन्हा कधी विचारलं तरी, वाचनालयात. मी म्हटलं, एवढं काय असतं तिथे? ती नुसती हसायची."

बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं. ताईंनी दार लोटून घेतलं.

"उद्या सकाळपर्यंत मला सांग," त्या म्हणाल्या. "ही कुणी आणली आणि ही कोण. कुणी थट्टा केली असेल तर प्रिंट उतरेल आणि डिस्का माझ्याकडे येतील. वाईट वाटून घेऊ नकोस."

"आणि थट्टा नसेल तर?"

"तर उद्या बाबांच्या शेजारी मी उभी राहणार नाही."

३

छापणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे शाईकाका म्हणतो. त्यांचा चष्मा कायम कपाळावर असतो आणि ते तो कायम शोधत असतात.

"हे बघा, मी फोटो छापतो," ते म्हणाले. "माणसं जन्माला घालत नाही."

"पण हा आमचा फोटोच नाही, काका."

"तुमच्याच डिस्कवरचा आहे! एका नावाच्या दोन फाइली होत्या. एक बाहेर, एक आतल्या फोल्डरमध्ये. आतली आकाराने मोठी. एवढी मोठी भिंत भरायची म्हणून मी मोठी घेतली. लहान घेतली असती तर तुम्हीच येऊन भांडला असता, काका, कडा फाटल्या, काका, दाणे दिसतात. बोला, भांडला असता की नाही?"

भांडले असते.

म्हणजे बाई डिस्कवर आधीपासून होती. आतल्या फोल्डरमध्ये मी कधी गेले नव्हते. ती सरांची अडगळीची खोली, त्यात जुन्या कच्च्या फ्रेम, कॅमेऱ्यातून आल्या तशा. वाटेत मी डिस्कचा प्रवास आठवला. कैक वर्षं ती सरांच्या टेबलावर होती. काकू गेल्यावर ती प्रती काढायला सरांच्या दुसऱ्या शिष्याकडे, लांब्याकडे गेली. तिथून माझ्याकडे.

ते टेबलही आठवलं. खिडकीशी लावलेलं, कडेला जळक्या इस्त्रीचा डाग. भिंगरी तान्ही असताना मी तिला घेऊन तिथे जायची. सरांची नजर तेव्हाच मंदावत चालली होती. एके दिवशी काकू भिंगरीला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव गं पोरी. यांचे डोळे गेले तर हातात काहीतरी हवं." मला वाटलं, फाइल उघडायला शिकतील, बंद करायला शिकतील. त्यांचा पहिला प्रश्न होता: "पुसलेलं परत कसं आणायचं?" मी हसले होते. शिकाऊ माणसाला आधी चुकीचीच भीती. मग मी त्यांना एकावर एक ठेवलेल्या थरांतली जुनी फ्रेम खालून वर कशी आणायची ते दाखवलं, कललेले खांब सरळ कसे करायचे ते दाखवलं. पुढचं दाखवणार तोवर भिंगरीने असा सूर लावला की धडा तिथेच मोडला. मग काकूंचं दुखणं सुरू झालं. धडा राहिला तो राहिलाच.

मी तशीच लांब्याकडे वळले. त्याचा स्टुडिओ आता चकाचक आहे. आम्ही दोघं सरांकडे बरोबर शिकलो. तो स्टँड उचलायचा, कारण त्याच्या खांद्याला खांदा लावणारं दुसरं कुणी नव्हतं. आता तो नव्या इमारतींचे फोटो काढतो आणि मळकट आभाळाच्या जागी निळं आभाळ घालतो. डिस्का सरांनी त्याला न देता मला दिल्या तेव्हा तो बरेच दिवस बोलत नव्हता.

"या, या," तो म्हणाला. "डिस्कवाल्या बाई आल्या."

मी फोनवरचा फोटो पुढे केला. तो आधी खो खो हसला. "मी बाई घातली असती तर जरा बरी बघून घातली असती. तोंड तरी इकडे केलेली." मग हसणं बंद झालं. त्याने फोन जवळ घेतला, लांब धरला. "पण फोटो छान झालाय गं. सरांना सांगू नकोस मी म्हटलं म्हणून."

"डिस्क तुझ्याकडे होती, लांब्या."

"होती. आतल्या फोल्डरला हात नाही लावला मी. सरांचा ड्रॉवर उघडल्यासारखं वाटायचं." त्याने फोन परत दिला. "चिकटवलीय म्हणतेस ना? मग चेहरा कशाला शोधत बसलीस? सर काय म्हणायचे?"

मला आठवलं. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "खोटा माणूस आधी पावलांत सापडतो."

४

संध्याकाळी भिंगरीचा बाबा तिला अंघोळ घालत होता, म्हणजे ती त्याला घालत होती. त्या गोंगाटाच्या आडोशाला मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. डावीकडे रिकामा जिना. उजवीकडे बाईचा.

पावलं. चिकटवलेल्या माणसाची पावलं जमिनीला टेकत नाहीत. सावली चुकीच्या बाजूला पडते किंवा टाचेपाशी तुटते. या बाईची सावली टाचेपासून निघाली होती, कठड्याच्या सावलीला समांतर गेली होती आणि पायरीच्या कडेशी मोडून खाली उतरली होती. पायरीगणिक, न चुकता. एवढं खोटं करायला लांब्यालाही आठवडा लागला असता, आणि तरी कुठेतरी सापडला असता.

मग मी रिकाम्या जिन्याकडे वळले. इतकी वर्षं पाहिलेला फोटो. पाठ असलेल्या गोष्टीकडे आपण बघत नाही, तसं माझं झालं होतं. टप्प्यावर कठड्याजवळ एका फरशीचा टवका उडालेला होता, कुणी बिस्किटाचा घास घ्यावा तसा. त्याच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर, दुसऱ्या फरशीचा टवका. तसाच. मी मोठा करून पाहिला. तोच घास, तेच दात.

दोन फरशा एकसारख्या फुटत नाहीत.

बाईच्या फोटोत टवका एकच होता. दुसऱ्याच्या जागी तिची पावलं होती.

सर रिकामी इमारत कशी काढायचे ते मला माहीत होतं. स्टँडवर कॅमेरा लावायचा, आणि एकाच जागेवरून थांबून थांबून बऱ्याच फ्रेम घ्यायच्या. माणसं येतात-जातात. या फ्रेममध्ये ज्या जागी माणूस आहे ती जागा पुढच्या फ्रेममध्ये मोकळी असते. सगळ्या मोकळ्या जागा जोडल्या की गर्दीचा जिना रिकामा होतो. "चालणारी माणसं आपली आपण जातात," सर म्हणायचे. "जो थांबतो तो राहतो. त्याला हाताने काढावं लागतं." हाताने म्हणजे शेजारची फरशी उचलून त्याच्यावर घालायची. टवक्यासकट.

बाई कुणी घातली नव्हती. बाई काढली होती. इतकी वर्षं खोटा होता तो रिकामा जिना.

म्हणजे मी सुटले. पण ताई? सगळं वाचनालय हलत होतं आणि ही एकटी, फ्रेममागून फ्रेम, सरांसाठी निश्चल उभी होती. उंच, शेलाटी, काकू नसलेली. हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

"आई, अंडं!"

टॉवेलात गुंडाळलेली भिंगरी टेबलाला चिकटून उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. तिचं ओलं बोट स्क्रीनवर होतं.

"ती खिडकी आहे, राणी. गोल खिडकी."

"गोल नाहीये. अंडं आहे."

"अगं, उचल हिला, लॅपटॉप भिजतोय," मागून तिचा बाबा म्हणाला.

मी उचललं नाही. मी खिडकीकडे बघत होते. बाईकडे बघता बघता खिडकीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

अंडंच होतं.

५

सकाळी हॉलमध्ये ताई एकट्याच होत्या. मी भिंगरीलाही नेलं होतं. ठेवायला कुणी नव्हतं. तिला जमिनीवर कागद-खडू दिले आणि लॅपटॉप उघडला.

आधी टवके दाखवले. ताई खाली वाकून बघत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या. "म्हणजे होती. खरंच होती."

"थांबा. आता ही खिडकी बघा. तुम्ही वाचनालयात गेला होतात. कशी होती?"

"गोल."

"आणि इथे?"

त्या पुढे झुकल्या. "उभी... लांबट झालीय."

"खालून कॅमेरा वर केला की इमारत मागे कलल्यासारखी दिसते. खांब वर जवळ येतात. ते आम्ही सरळ करतो. पण खांब सरळ करताना फोटोचा वरचा भाग ताणला जातो, रबरासारखा. म्हणून नंतर तो थोडा दाबून परत मापात आणायचा असतो. सर खिडकी गोल होईपर्यंत दाबायचे. या फोटोत कुणीतरी खांब सरळ केलेत, पण दाबायचं राहिलंय. खिडकी ताणलीय. आणि खिडकीच्या खाली जे काही आहे..."

"तेही ताणलंय," ताई म्हणाल्या.

मी फोटो दाबू लागले. हळूहळू अंड्याची खिडकी झाली. टप्पा खाली बसला. बाईची मान आखूड झाली, खांदे रुंदावले, कंबर भरली. ताईंचा हात तोंडावर गेला. पण त्या नकाशे काढणाऱ्या. एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या.

"थांब. तुझं हे रबर तू हवं तितकं दाबशील." त्या उठून मोठ्या प्रिंटपाशी गेल्या. पर्समधून पट्टी काढली. "कठडा. ती कठड्याला लागूनच उभी आहे. ती ताणली असेल तर कठडाही तितकाच ताणला असणार. दोघांचं एकमेकांशी माप बदलणार नाही." त्यांनी पट्टी आधी कठड्यावर ठेवली, मग बाईवर, मग परत कठड्यावर. "कठडे किती उंच असतात ते मी रोज काढते. माझ्या कोपराला लागतात. हिला..." त्यांचा आवाज घसरला. "हिला पार छातीपर्यंत आलाय."

"बुटकी," मी म्हणाले.

"बुटकी!" ताई एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. "अगं, काल मी हे बघितलंच नाही. मी नुसती बाई बघत बसले."

भिंगरीने खडू थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मोठी माणसं अशी रडली की ती माझा पदर नाहीतर ओढणी जे हाताला लागेल ते धरते. आज माझ्या जीन्सचा खिसा धरला.

"मग परत आणली कुणी?" ताईंनी नाक पुसलं.

"तेच कालपासून शोधतेय. मी असते तर खिडकी गोल केली असती. लांब्यानेही केली असती, झोपेतसुद्धा. शाईकाका फोटोत हात घालत नाहीत, चष्माच सापडत नाही त्यांना. सरांना दिसत नाही. म्हणजे असं कुणीतरी, ज्याला पुसलेलं परत आणता येतं, खांब सरळ करता येतात, आणि पुढचं येत नाही." मी थांबले. "तेवढंच शिकलेलं माणूस एकच आहे, ताई. मीच शिकवलं. पुढचा धडा भिंगरीच्या रडण्यात राहिला."

ताई प्रिंटकडे वळल्या.

"आईने?" त्या म्हणाल्या. "स्वतःला?"

दारात काठी वाजली. सर आले होते. लांब्या त्यांचा हात धरून होता, आणि दोघांनी किती ऐकलं होतं देव जाणे.

६

ताईंनी वडिलांना खुर्चीत बसवलं. प्रिंटसमोर. त्यांच्या पायाशी बसून, हात हातात घेऊन सगळं सांगितलं: बाई, टवके, अंडं, कठडा. काल मनात काय आलं होतं तेही सांगितलं. सर मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे ती आहे तिथे," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ती कुठल्यातरी फोटोत स्वतःला परत आणत बसायची, एवढं माहीत होतं. शेजारी मला बसवायची. कुठला फोटो विचारलं तर म्हणायची, प्रदर्शनात बघा. मी म्हटलं, मला काय दिसणार प्रदर्शनात? तर म्हणाली, कुणीतरी सांगेल." सरांनी घसा साफ केला. "प्रिंट काल आला ना? मी कालपासून वाट बघतोय. कुणी काही सांगेना. मला वाटलं, नसेल जमलं तिला तो जपून ठेवायला."

आम्ही सगळे एकमेकांची नजर चुकवू लागलो. दिवसभर ज्यांच्यापासून लपवलं ते दिवसभर त्याचीच वाट बघत होते.

"पण बाबा, वाचनालयात ती कशाला उभी राहायची?"

"कॅमेऱ्यातून जिना केवढा आहे ते कळायला मला माणूस लागायचा. तिला उभी करायचो. हलू नकोस, म्हणायचो. ती हलायची नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. आणि घरी आलो की पहिलं काम, तिला पुसायचं."

"या एकाच फोटोत?"

सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी कुठला फोटो तिच्याशिवाय काढलाय?"

हॉलभर फोटो लावले होते. कमानी, व्हरांडे, पोर्च, पाण्याच्या टाकीचा गोल जिना. ताईंनी मान वळवून एकेकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. काल यातला प्रत्येक फोटो रिकामा होता.

"मला म्हणाली होती, बाबा गेलेत वाचनालयात," ताई पुटपुटल्या. "आम्ही जातो असं कधी म्हणाली नाही."

"काम माझं म्हणायची. नाव माझं येतं ना खाली. मीही कधी दुरुस्त केलं नाही."

लांब्याला ते सहन होईना. तो घाईने म्हणाला, "सर, फक्त एक राहिलंय. खिडकी तेवढी अंड्यासारखी झालीय. काकूंचा शेवटचा धडा राहिला ना."

"कोण म्हणतं राहिला?" सरांनी मान वर केली. आज पहिल्यांदा त्यांचा आवाज शिकवण्याच्या पट्टीत आला. "दाबायचं मी सांगितलं होतं तिला. शेजारी बसून, नीट. तिने दाबलंही. मग म्हणाली, अगं बाई, गेले परत खाली! आणि केलेलं सगळं उलटं फिरवलं. मला म्हणाली, राहू दे असंच. जन्मात एकदा तरी उंच दिसू दे."

आधी लांब्या हसला, मग ताई, मग मी. माझा सगळा तर्क बरोबर माणसापाशी पोचला होता आणि चुकीच्या दाराने आत शिरला होता.

"मग काय करायचं?" ताईंनी डोळे पुसत विचारलं. "संध्याकाळच्या आत शाईकाका दुसरा देतील. खिडकी गोल करून."

"ती कशी दिसतेय आत्ता?" सर म्हणाले.

मी सांगू लागले. पाठ आहे आपल्याकडे. केसांवर ऊन आहे. डावा हात कठड्यावर. थोडी रेललीय, बहुतेक पायाला मुंग्या आल्या असाव्यात. सावली पायऱ्या उतरून खाली आलीय, अगदी फोटोच्या कडेपर्यंत. तुमच्यापर्यंत.

सरांनी त्या उजेडाच्या दिशेने तोंड वळवलं.

"हाच लावा," ते म्हणाले. "आणि खाली नाव दोघांचं घाला."

ताई उठल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे, खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. लांब्या हातोडी शोधायला गेला. डिस्कांचा विषय कुणी काढला नाही. ताईंनी जाता जाता माझ्या पाठीवर थोपटलं तेवढंच. माझ्या मनात मात्र आतल्या फोल्डरमधल्या सगळ्या कच्च्या फ्रेम उघडू लागल्या होत्या. प्रत्येकीत कुठेतरी, न हलता, एक बुटकी बाई.

भिंगरी केव्हाची प्रिंटसमोर जाऊन उभी होती. हात मागे बांधून, शहाण्यासारखी. काकूंच्या मांडीवर ती झोपली आहे, रडली आहे, दूध ओकली आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही.

"ही आजी आहे ना?" तिने विचारलं.

"हो. आजी आहे."

तिने वाट पाहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मग माझ्याकडे वळली.

"आई, आजी इकडे कधी बघणार?"